बोरटेकची भिंत

गेल्या गुरुवारी तुमची शोकसभा झाली आणि मला किळस आली. यासाठी दुसरा, जरा सभ्य शब्द मी शोधून पाहिला. सापडला नाही.

तुमच्या फोटोला घातलेला हार शेवंतीचा होता आणि ताजा होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हार घालणाऱ्या हातांबद्दल. तुमचे मोठे साहेब पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळे त्यांना मोठे साहेबच म्हणतात. बोलायला उठले तेव्हा त्यांनी रुमालाने डोळे टिपले. मी अगदी जवळून पाहत होते, रुमाल कोरडा होता. मग म्हणाले, "ज्या बोरटेक गावात रेडिओची नुसती खरखर ऐकू यायची, तिथे या माणसाने आवाज पोचवला. त्या दिवशी गावकऱ्यांनी वाजवलेल्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत."

यावर लोकांनी इथेही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! मग चहा झाला. एक गृहस्थ बिस्कीट चहात बुडवता बुडवता मला म्हणाले, "वहिनी, असा माणूस पुन्हा होणे नाही." मी कप तसाच ठेवून उठले.

बोरटेकमध्ये आवाज कधीच पोचला नाही, हे त्या सभागृहात दोघांना माहीत होतं. एक जण बोलत होते आणि एक जण गप्प बसली होती. तिसरे तुम्ही, फोटोत.

आपल्या सुधाचं पत्र आलं आहे कॅनडाहून. म्हणते, मुलांसाठी त्यांच्या आजोबांबद्दल काहीतरी लिहून पाठव, त्यांना फक्त तुमचा फोनवरचा आवाज आठवतो. मी तीनदा लिहायला बसले. जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं ओळीने मांडलं आणि तीनदा फाडलं. तो माणूस कुणीही असू शकला असता. मुलांना सांगायला जाते आणि तुमच्याशीच भांडायला लागते. तेव्हा आता भांडणच पाठवते आहे. अनघा, मिहीर, असं समजा की आजी आजोबांशी बोलते आहे आणि तुम्ही दोघं दारात उभे राहून ऐकता आहात. ऐकायला हरकत नाही.

नागपूरबाहेरच्या ज्या उंच खांबावरून रेडिओचा आवाज चारी दिशांना जातो, तिथले तुम्ही इंजिनीअर. लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा नवल वाटलं ते याचं की संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही "कशी आहेस" असं विचारत नसा. चपला काढत म्हणत असा, "आज आवाज स्वच्छ गेला." किंवा, "आज जरा त्रास झाला." मी कॉलेजात इंग्रजी काव्य शिकून आलेली मुलगी, मला याहून काहीतरी बरं ऐकायची आशा होती. मग हळूहळू सवय झाली. पुढे पुढे तर हे वाक्य ऐकल्याशिवाय मला कुकर लावता येईना.

आपलं पहिलं भांडणही रेडिओवरूनच. मी रेडिओवर क्रोशाचा रुमाल घातला होता, स्वतः विणलेला. तुम्ही आल्या आल्या तो उचललात. "आत गरम होतं ते. गुदमरतं बिचारं." मी म्हटलं, "यंत्र आहे, गाय नाही." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिलात, जसं ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. तो रुमाल पुन्हा कधी तिथे गेला नाही. आता तुम्ही नाही, तरी रेडिओ उघडाच आहे. धूळ मी रोज पुसते.

सगळं सुरू झालं ते गारपिटीच्या संध्याकाळी. सुधा तेव्हा शाळेत होती. गावकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात सूचना आली की उत्तरेकडच्या भागात उद्या गारा पडायचा संभव आहे, खळ्यावरचं धान्य झाकून ठेवा. मी ती सूचना इथे घरात, भाजी चिरताना ऐकली. आवाज इतका स्वच्छ होता की सांगणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. त्या वेळी खांबाखाली ड्युटीवर तुम्ही होता. आठ दिवसांनी काही कामासाठी तुम्ही डोंगरापलीकडच्या बोरटेकला गेलात आणि रात्री परत आलात. मी ताट वाढलं. तुम्ही म्हणालात, "तिथे काही ऐकूच आलं नाही. दिवेलागणीला दुसऱ्याच कुठल्या भाषेतलं स्टेशन चढून बसतं आपल्यावर. आम्ही सांगत होतो गारा पडतील, आणि त्यांना गाणं ऐकू येत होतं. सगळी ज्वारी भिजली."

"तुमचा काय दोष?" मी म्हटलं.

"मी इथे ड्युटीच्या वहीत लिहून ठेवलं होतं, आवाज स्वच्छ गेला."

त्या दिवसापासून तुम्ही बोरटेकचे झालात. त्या बाजूला एक छोटं यंत्र बसवलं की झालं, असं तुमचं म्हणणं. नागपूरचा आवाज तिथे पकडायचा आणि पुन्हा ताज्या दमाने पुढे सोडायचा. एवढं साधं काम. मग सुरू झाला तो प्रकार, ज्याची आठवण आली तरी मला अजून तोंडात कडू लागतं.

मुलांना हे समजावून सांगायला हवं. तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागे. खात्याने तुम्हाला सांगितलं, त्या भागात लायसन्सं फार कमी आहेत. जिथून पैसा येत नाही तिथे सरकारने खर्च कसा करावा? तुम्ही म्हणालात, साहेब, तिथे ऐकूच येत नाही तर लायसन्स कोण काढणार? मोठे साहेब हसले म्हणे. "मग आधी काढायला लावा. मागणी दिसू द्या कागदावर." शिवाय यंत्रासाठी खोली बांधायची ती गावाने, वर्गणी काढून.

इतकी निर्लज्ज अट घालणाऱ्या माणसाच्या टेबलावर तुम्ही शाईची दौत का उपडी केली नाहीत, हे मी तेव्हाही विचारलं होतं. तुम्ही दौतीला हात लावला नाहीत. तुम्ही ती अट मान्य केलीत. इथेच तुम्ही चुकलात, आणि ही चूक फक्त तुमच्यासारखा सरळ माणूसच करू शकतो. अट आहे म्हणजे ती पूर्ण केली की काम होणार, असं तुम्हाला वाटलं.

दर रविवारी तुम्ही बोरटेकला जाऊ लागलात. आपण दोघं एकत्रही गेलो, तीनचार वेळा. तिथल्या यमुनाबाईची आणि माझी ओळख तेव्हाचीच. पंचायतीचा रेडिओ तिच्या घरी ठेवला होता, कारण चावडी गळायची आणि तिचं घर कोरडं होतं. चार एकरांची शेती नवऱ्याबरोबर ती स्वतः करायची. गारपिटीत भिजलेली ज्वारी तिचीही होती. तुम्ही तिच्याशी तुमच्या लहानपणच्या बोलीत बोलू लागलात की मला तुम्ही वेगळेच दिसत असा.

"यमुनाबाई, रेडिओ कसा आहे वं?"

"खोकलते जी. बोलत नाई."

"बोलंल. पन तुमी लोकं लायसन काढा आधी."

"काहून? मुक्या लेकराची फी भरायची का शाळेत?"

सगळ्या बाया हसल्या, तुम्हीही हसलात. आणि मग तुम्ही त्यांना समजावलंत, दोन तास, ओट्यावर बसून. कागदावर मागणी दिसली की यंत्र येईल. "मी सांगून राहिलो ना," असं म्हणालात. ते 'मी' मला अजून ऐकू येतं. गावाने तुमच्या त्या 'मी'वर लायसन्सं काढली. ज्या डब्यातून खरखरीशिवाय काही निघत नव्हतं त्याचे पैसे भरायला माणसं सहा मैल चालत पोस्टात गेली. यमुनाबाईने पंचायतीच्या रेडिओचं तर भरायला लावलंच, वर भावाचा जुना रेडिओ आणून त्याचंही स्वतःच्या नावाने भरलं. खोलीसाठी बायांनी विटा वाहिल्या.

आणि तिला तुम्ही एक काम दिलंत. तुमच्या कामाची ती पद्धतच होती, ऐकलं ते तिथल्या तिथे नोंदवायचं. यमुनाबाईला लिहिता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, दर मंगळवारी, बाजारातून आल्यावर, दिवेलागणीला रेडिओ लावायचा. नागपूर ऐकू आलं तर भिंतीवर गेरूने उभी रेघ. नाही आलं तर फुली. "आणि खरं तेच मांडायचं, यमुनाबाई. मला बरं वाटावं म्हणून रेघ नाही मारायची."

"खोटं कशाले मारू जी? भिंत माही हाय," ती म्हणाली.

दोन वर्षांनी उद्घाटन ठरलं. तुम्ही नवा शर्ट शिवलात. बाजाराचा दिवस मुद्दाम धरला होता, गर्दी व्हावी म्हणून. खोलीला तोरण, बाहेर मंडप, झाडाला कर्णा बांधलेला. पाहुणे आले, फीत कापली, मोठ्या साहेबांनी भाषण केलं. मी बायांमध्ये सतरंजीवर बसले होते. संध्याकाळ झाली आणि कर्ण्यातून गावकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला, स्वच्छ, घरी ऐकतो तसा. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मीही. मला रडू आलं होतं, खरं सांगते.

घरी आल्यावर डबे धुवायला म्हणून मी तुमची पिशवी रिकामी केली. पोळीच्या डब्याखाली टेपचं चाक होतं.

तुम्ही अंगणात हात धूत होता, फार वेळ. मी चाक हातात घेऊन बाहेर आले. तुम्ही मान वर न करता सांगितलंत. यंत्र आलंच नव्हतं. ते एका दुसऱ्या गावी पाठवलं होतं, जिथे आधीपासून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण जिथे निवडणूक होती. पाहुण्यांची तारीख ठरलेली, ती बदलता येत नव्हती. मोठे साहेब म्हणाले, आजची वेळ निभावून न्या, यंत्र महिन्याभरात येईल. गेल्या आठवड्याचा कार्यक्रम टेपवर होता. खोलीत, पडद्यामागे, तो तुम्ही लावलात. तुमच्या हाताने.

"उद्या जा आणि सांगा त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"टेप होती म्हणून. एवढंच."

"महिन्याभरात येणार आहे यंत्र. मग सांगायची गरजच नाही."

महिना गेला. वर्ष गेलं. तुम्ही खात्याला पत्रं लिहिलीत, एकाहून एक नम्र. मला त्यांचा मसुदा दाखवायचात, इंग्रजी सुधारायला. मी व्याकरण सुधारत राहिले. एकदा मी म्हटलं, "या पत्रात चूक एकच आहे, हे तुम्ही चुकीच्या पत्त्यावर पाठवता आहात. बोरटेकला पाठवा." तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. उद्घाटनानंतर तुम्ही बोरटेकला एकदाही गेला नाहीत. त्या बाजूचं कुणी स्टँडवर दिसलं तर तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जात असा. मी पाहिलं आहे. ज्यांनी लाज बाळगायची ते मोटारीतून फिरत होते आणि तुम्ही रस्ते ओलांडत होता.

घरी आल्यावर तुम्ही चपला काढत असा आणि आत येत असा. आवाज कसा गेला ते सांगणं बंद झालं. मीही विचारलं नाही. बारा वर्षं.

तेराव्यानंतर मी तुमचं कपाट लावायला घेतलं. वरच्या खणात पत्रांच्या प्रती, त्यांच्याखाली आपल्या रेडिओची जुनी लायसन्सं फितीने बांधलेली, आणि सगळ्यांच्या तळाशी ते चाक. त्याच्या डबीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'बोरटेक, उद्घाटन'. अक्षर माझं. मला सगळ्यावर चिठ्ठ्या लावायची सवय आहे, लोणच्याच्या बरण्यांपासून. त्या रात्री मी तुमच्यावर रागावले होते आणि तरी त्या खोटेपणालासुद्धा मी नीटनेटकी चिठ्ठी लावून ठेवली होती. शोकसभेत मोठ्या साहेबांची किळस करणारी मी. मी तरी कुठे गेले होते बोरटेकला? मीही तुम्हालाच 'जा' म्हणत राहिले.

काल मंगळवार होता. थेट बोरटेकला जाणारी एस.टी. बाजाराच्याच दिवशी असते. मी ती पकडली.

खोली अजून उभी आहे. दाराला कुलूप आहे आणि छप्पर अर्धं गेलं आहे. आत कडबा भरला आहे कुणीतरी. उद्घाटनाची संगमरवरी पाटी मात्र शाबूत आहे, तिच्यावर मोठ्या साहेबांचं नाव आहे. तुमचं नाही. गावाचंही नाही.

यमुनाबाई बाजारातून नुकतीच आली होती. पार वाकली आहे. मला ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला.

"बाप्पा! बाई तुमी? आन साहेब कुठी हायत? गंज दिवस झाले, आले नाईत."

मी सांगितलं. ती ओट्यावर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. मग आत जाऊन तिने पाणी आणलं. मी गडू खाली ठेवला आणि बारा वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते बोलले. "यमुनाबाई, त्या दिवशी कर्ण्यातून आलं ते रेडिओवरचं नव्हतं. टेप होती. यांनी लावली होती. यंत्र आलंच नव्हतं."

"हाव," ती म्हणाली. "मले ठाऊक हाय."

"कसं?"

"त्या दिशी मंगळवार होता ना जी. सारे तिकडं कर्न्याखाली बसले होते. मी घरी आली, रेडिओ लावला. साहेबानं सांगतलं होतं ना, घरच्या रेडिओवर आलं तरच रेघ. नाई आलं."

ती मला आत घेऊन गेली. तुम्ही हे पाहायला हवं होतं. नाही, बरं झालं पाहिलं नाहीत. मला ठरवता येत नाही. आतल्या खोलीची एक अख्खी भिंत, तिच्याभोवती चौकट काढलेली. बाकीच्या भिंती दर दिवाळीला पांढऱ्या मातीने पोतलेल्या, ही तेवढी सोडलेली. सुरुवातीला फुल्याच फुल्या आणि मध्ये मध्ये तुरळक रेघा, उन्हाळ्यात कधी आवाज पोचला असेल तेव्हाच्या. उद्घाटनाच्या दिवसाची फुली तिने मला बोट ठेवून दाखवली. आणि त्यापुढे ओळीमागून ओळ, पार छपरापर्यंत आणि मग खालून पुन्हा, वर्षामागून वर्षं. गेल्या मंगळवारची फुली अजून लाल होती.

"अहो, पण माहीत होतं तर थांबला का नाहीत?"

"साहेबानं थांब म्हटलंच नाई. आता लायसन बी बंद झालं म्हनतात, पोस्टातला मानूस पैसे घेत नाई. म्या म्हटलं लायसन बंद झालं असन, आपलं काम थोडंच बंद झालं." तिने फुल्यांवरून बोट फिरवलं. "साहेब येतीन तवा दाखवीन म्हनत होती. त्याईले विचारायचं होतं, इतल्या फुल्या पुऱ्या झाल्या का सरकारले."

"तुम्हाला राग नाही आला त्यांचा?"

"आला ना. येऊन सांगतलं असतं तं शिव्या देल्या असत्या, चहा पाजला असता. आलेच नाईत, त्याचा आला."

हेच मी तुम्हाला बारा वर्षं वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते. तिने दोन वाक्यांत संपवलं. तुम्हाला वाटत होतं की बोरटेकला तोंड दाखवता येणार नाही. बोरटेक चहाचं आधण ठेवून बसलं होतं.

दिवे लागले. यमुनाबाईने कोनाड्यातून रेडिओ उतरवला, पिशवीतून नवे सेल काढले, आजच्याच बाजारातले. सुई तुम्ही दाखवलेल्या जागी आणली. तिथे तुमच्या हातची खूण आहे, बारीक खरवडलेली. मी हात त्याच्या पाठीवर ठेवला. तुमची सवय, नकळत. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. खरखर आली, मग कुणीतरी आम्हाला न कळणाऱ्या भाषेत गाऊ लागलं. त्या गाण्याखाली कुठेतरी, विहिरीतून यावा तसा, मराठी बोलल्याचा भास होत होता. मी कान लावला. मला ते ऐकू यावं असं फार वाटत होतं. एक शब्द जरी कळला असता तरी.

यमुनाबाईने गेरूचा खडा माझ्या हातात दिला. "आज तुमीच मांडा, बाई. साहेबाकडून."

मी उठले. भिंतीपाशी गेले. शोकसभेतल्या टाळ्या आठवल्या, कपाटातली ती चिठ्ठी आठवली, आणि तुम्ही अंगणात हात धूत राहिला होता ते आठवलं.

मी फुली मारली.